उजवा विळ्याचा, डावा ओलीचा

तलाव त्या वर्षी काठोकाठ भरला आणि उतरायचं नाव घेईना. पाऊस संपून तीन आठवडे झाले, वाटा वाळल्या, चिखलात उमटलेली पावलं विटेसारखी कडक झाली, पण बांधापलीकडचं पाणी होतं तिथेच उभं. दगडावर पांढऱ्या रंगाने ओढलेली शेवटची रेघ होती, तिच्या बोटभर खाली. वारा सुटला की पाणी त्या रेघेला चाटून मागे जायचं.

आणि अलीकडच्या अंगाला गवत माजलं होतं. माणूस कमरेपर्यंत बुडेल असं, हिरवंगार, नको तितकं हिरवंगार.

ते कापायचं ते दिसायला बरं दिसावं म्हणून नव्हे. बांध मातीचा. आतून पाझर फुटला तर बाहेर पायथ्याशी ओल येते, आणि उंच गवतात ओल दडते. शनिवारी तपासणीचे साहेब येणार होते. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांध बोडका दिसला पाहिजे, असा पाटबंधाऱ्याच्या ऑफिसातून निरोप होता. नाही दिसला तर राखणदारी दुसऱ्या कुणाला, असं निरोप आणणारा जाता जाता म्हणाला होता. हसत म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

राखणदारी पायथ्याच्या घराकडे तीन पिढ्यांची, आणि त्या घरात आता दोन जावा, थोरली आणि धाकटी. सासरा होता तोवर रोज उजाडता पायथ्याने अनवाणी चालायचा. शंका आली की खाली बसून गवताच्या मुळाशी तळहात घालायचा. हात डावाच. उजवा विळा धरून धरून लाकूड झालेला, त्याला काय कळणार? ‘उजवा विळ्याचा, डावा ओलीचा,’ असं तो म्हणायचा, आणि घरात आलेल्या सुनेला पहिल्या आठवड्यातच डावा हात गवतात घालायला लावायचा. थोरलीला पहिल्या दिवशी कळलं. डोळे मिटून तिने सांगितलं, हे दव आहे, हे कालचं पाणी आहे, आणि हे आतून आलंय, हे गार आहे. दुसऱ्या दिवसापासून पायथ्याने सासरा पुढे आणि ती मागे, एवढंच. धाकटीला येऊन आठ वर्षं झाली, तिला अजून दव आणि पाझर सारखेच लागायचे.

सासरा गेला तेव्हा राखणदारी थोरलीकडे आली, आणि दोन वर्षांपूर्वी ऑफिसाने मशीन दिलं तेही तिच्याच हाती दिलं. बसून चालवायचं, पोटाखाली पाती असलेलं गवताचं मशीन. बाजूला एक दांडा. तो ओढला की तेलाच्या जोरावर पात्यांचा पाळणा वर उचलला जायचा, दगडधोंडा चुकवता यायचा. उतारावर ते चालवायचं नव्हतं, उलटायची भीती. म्हणून माथा आणि पायथा थोरलीचा मशीनवर, आणि मधला सगळा उतार धाकटीचा विळ्यावर. एक बसून, एक वाकून.

धाकटीने कधी तोंडाने मागितलं नाही. पण मशीन शेजारून गेलं की तिची मान वळायची आणि थोरली सीटवरून उतरेपर्यंत तिकडेच असायची. थोरलीने ते पाहिलं होतं. सासूनेही पाहिलं होतं. ‘एकीचं बूड दुखतं, एकीची कंबर,’ सासू म्हणायची, ‘मला मेलीला दोन्हीवर शेक द्यायला ठेवलंय.’

सोमवारी सकाळी शेडचं दार उघडलं तर मशीन चावीला उत्तर देईना. पावसाचे चार महिने ते उभंच होतं. सीट वर केली. खाली बॅटरीच्या टोकांवर पांढरी-निळी बुरशी फुलली होती.

त्या कामात मात्र दोघींचं एकमत असायचं, कारण दोघी बॅटरीला भीत होत्या. पहिल्याच वर्षी थोरलीची बांगडी पान्याला आणि पत्र्याला एकदम टेकली होती. चर्रकन ठिणगी उडून मनगटावर गोल डाग पडला होता, तो अजून होता. तेव्हापासून मशीनच्या मिस्त्रीने शिकवलेलं ती श्लोकासारखं पाळायची. बांगड्या काढून धाकटीकडे दिल्या. दार सताड उघडं ठेवलं. आधी काळी तार सोडवली, मग लाल. सोड्याच्या पाण्याने बुरशी धुतली, ती फेसाळून खाली गेली, आणि फेस हाताला लागू नये म्हणून दोघी मागे सरकल्या. चार्जर लावताना आधी चिमटे, मग बटण. दुपारी काढताना आधी बटण, मग चिमटे. जोडताना लाल आधी, काळी शेवटी.

‘बांगड्या,’ म्हणत थोरलीने हात पुढे केला.

धाकटीने त्या तोवर स्वतःच्या हातात घालून बघितल्या होत्या. काढताना अंगठ्याशी अडकल्या. दोघी हसल्या, पण थोरली आधी थांबली.

मिस्त्री म्हणायचा, बॅटरी भुंकते. वास सोडते, ठिणगी टाकते, आपण येतोय हे सांगते. भुंकणारं कुत्रं परवडलं. तेलाच्या नळ्यांना मात्र हात लावू नका, मला बोलवा. का, ते त्याने कधी फोडून सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. तो तालुक्याहून मोटरसायकलवर यायचा. डाव्या हाताला कायम फडकं गुंडाळलेलं, काम करताना, चहा पितानाही. जावा आपसात म्हणायच्या, नव्या नवरीसारखा लाजतो.

नळ्यांजवळ मशीनवर एक पिवळं चित्रही चिकटवलेलं होतं. हाताचा पंजा आणि त्याच्यापाशी काही थेंब. चिखलाने अर्धं झाकलेलं. धाकटीने एकदा त्याचा अर्थ लावला होता: काम झाल्यावर हात धुवा. सासू म्हणाली होती, एवढं तरी साहेबांना कळतं म्हणायचं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. माथा पूर्ण झाला. धाकटीने उताराचा तीन चतुर्थांश भाग वाकून वाकून खाली उतरवला. रात्री तिची बोटं मिटलेलीच राहायची, जेवायला बसताना एकेक उघडून घ्यावी लागायची. गुरुवारी थोरली पायथ्याला लागली. तिथे गवत सगळ्यात दाट, आणि कुंपणाच्या काटेरी फांद्या पावसात मोडून आत पडलेल्या. पाळणा घडोघडी उचलावा लागे. सकाळी दहाच्या सुमाराला तो उचलेनासा झाला. दांडा ओढला की अर्ध्यावर यायचा, थरथरायचा आणि दमलेल्या म्हशीसारखा खाली बसायचा.

थोरली उतरली. वाकून बघितलं. नळीच्या आसपास धुळीचा थर ओला होता, पण थेंब कुठे गळताना दिसेना.

मिस्त्रीला बोलवायला हवं, हे धाकटीने विळा टेकवून सुचवलं. थोरलीने मान हलवली. तो आज सांगितलं तर उद्या येणार, उद्या नळी आणायला जाणार, आणि परवा शनिवार. कुठून गळतंय ते तरी कळू दे, चिंधी बांधून दोन दिवस ढकलू.

‘तू वर बस,’ ती म्हणाली. ‘चालू कर आणि दांडा ओढून धर. मी बघते.’

धाकटी आठ वर्षांत पहिल्यांदा त्या सीटवर बसली. सीट उन्हाने तापली होती. खालची धडधड मांड्यांतून वर चढली आणि तिला गवत वेगळं दिसलं, बांध वेगळा दिसला, आपणच उंच झाल्यासारखं वाटलं. तिने दांडा ओढला आणि धरून ठेवला. तेव्हा आपण गालात हसत होतो, हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

खाली थोरलीने डोळे मिटले होते. डोळ्यांना दिसत नाही ते हाताला कळतं, हे तिचं अंगवळणी पडलेलं. गवतात घालायची तसाच डावा तळहात तिने नळ्यांमध्ये घातला आणि अलगद, बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा, नळीच्या अंगाने पुढे नेला. गार लागलं की तिथे पाझर.

‘स्स.’

तिने हात काढला. धाकटीने दांडा सोडला. पाळणा खाली बसला.

‘काय झालं?’

‘काही नाही. काटा.’

पहिल्या बोटाच्या मुळाशी एक टिंब होतं. टाचणी टोचावी एवढं. रक्ताचा कणही नाही. सकाळपासून ती पात्यांतून काटेरी फांद्या ओढत होती, दोन काटे आधीच काढून झाले होते. तिने बोट तोंडात घातलं, थुंकली, लुगड्याला पुसलं. गळती नेमकी सापडली नव्हती, पण पाळणा उचललाच नाही तर तेलावर जोर येणार नाही, एवढं तिला ठाऊक होतं. मग फांद्या आधी हाताने वेचायच्या आणि मशीन तसंच खालच्या खाली न्यायचं. तिने धाकटीला उतर म्हणून खुणावलं. धाकटीला उतरायला एक क्षण जास्त लागला, आणि तोही दोघींच्या लक्षात राहिला.

दुपारी एकला दोघी घरी आल्या. घर बांधाच्या पायथ्यापासून हाकेवर. सासूने ताटं मांडली. थोरलीने डावा हात मांडीवर ठेवला होता. पाण्याचा तांब्या त्या हाताने उचलायला गेली आणि तांब्या कलंडला.

‘बोट जड झालंय जरा,’ ती म्हणाली.

बोट पांढरट दिसत होतं. मेणाचं करून लावावं तसं, ताठ आणि गुळगुळीत, पेरांवरच्या सुरकुत्या गेलेल्या. दुखतं का, सासूने विचारलं. दुखत नव्हतं, मुंग्या आल्यासारखं होत होतं.

काट्याला सासूचा हात हलका, हे साऱ्या वस्तीला माहीत. म्हातारे, लेकरं, बैलगाडीवाले तिच्या ओट्यावर तळवे पुढे करून बसायचे. तिने सुई चुलीवर धरली, थोरलीचा हात उजेडात ओढला, आणि नेहमीचं पुटपुटायला लागली:

‘काट्या काट्या, बाहेर ये, सुई आली दारी,
आलास तिथे परत जा, कुंपणाच्या घरी.’

सुई टिंबात गेली. थोरलीने तोंड वाकडं केलं नाही. सासूने कडा उकरल्या, दाबलं, पुन्हा म्हटलं. काटा लागेना. काटा असला की सुईच्या टोकाला खट्कन कळतं, इथे सुई लोण्यात फिरावी तशी फिरत होती. मग टोकावर काहीतरी आलं. रक्त नव्हे. पिवळसर, पाण्यापेक्षा जड. दारातल्या उजेडात त्यावर रंग फिरले.

सासूने सुई नाकाशी नेली.

‘तेलाचा वास येतोय.’

‘तेलातच हात होता दिवसभर,’ थोरली म्हणाली. ‘लागलं असेल.’

‘वरून लागलेलं आतून कसं येईल?’ धाकटी म्हणाली.

सासूने काटा खोल गेलाय असं ठरवलं, आणि खोल काट्याला जे करायचं ते केलं: कांदा गरम करून कुस्करला, फडक्यात घालून बोटावर बांधला. शेक बसला की काटा आपोआप तोंडाशी येतो. थोरली उठली. पायथ्याची शेवटची पट्टी राहिली होती, दोन तासांचं काम.

‘ताई, आज राहू दे,’ धाकटी म्हणाली. ‘ती पट्टी मी घेते.’

थोरली दारात थांबली. मागे वळून तिने धाकटीकडे बघितलं, आणि आवाज न चढवता म्हणाली, ‘सकाळी बसलीस ना? पुरे झालं.’

धाकटीने विळा उचलला. तिलाही ठरवता येईना की आपण हाताच्या काळजीने बोललो की सीटच्या ओढीने. दोन्ही एकाच तोंडून आलं होतं.

मशीन एका हाताने चालवताना वळण नीट बसत नव्हतं. धाकटी उतारावरून बघत होती. थोरली डावा हात छातीशी धरून होती, लेकरू धरावं तसा. एका फेरीला ती कुंपणाला घासून गेली. दुसऱ्या फेरीला मशीन मध्येच थांबलं. तीन वाजायला आले होते. थोरली उतरून पायथ्याच्या दगडावर बसली आणि कांद्याचं फडकं सोडून बघायला लागली. लांबूनही दिसलं. आता बोट नव्हे, पंजाच फुगला होता, अंगठ्याची खाच बुजली होती.

धाकटी खाली उतरली, पण थोरलीकडे गेली नाही. ती मशीनकडे गेली. चावी बंद होती. वाकून तिने पदराने ते पिवळं चित्र पुसलं. चिखल निघेना तेव्हा थुंकी लावून नखाने खरवडलं.

थेंब हातावर पडत नव्हते. नळीतून एक रेघ निघत होती आणि पंज्याच्या आरपार जात होती.

तिने तिथेच उकिडवं बसून मिस्त्रीला फोन लावला. पाळणा उचलत नाही, हे सांगितलं. ताईंच्या हातात काटा गेलाय आणि सापडत नाही, हे सांगितलं. पलीकडे कुठेतरी हातोडा चालू होता, तो थांबला.

‘मशीन चालू असताना नळीवरून हात फिरवला का?’

‘हो.’

‘दांडा ओढलेला होता?’

धाकटीने रिकाम्या सीटकडे पाहिलं. ‘मी ओढून धरला होता.’

‘किती वाजता?’

‘दहा.’

मिस्त्री मनात तास मोजत असावा. मग तो फार हळू बोलायला लागला. वहिनी, तो काटा नाही. तेल आहे. सुईपेक्षा बारीक भोकातून गोळीसारखं सुटतं, कातडी फोडून आत जातं आणि आतल्या आत पसरत राहतं. पहिल्यांदा दुखत नाही, तिथेच माणूस फसतो. शेक देऊ नका. चोळू नका, उकरू नका. खायला-प्यायला काही देऊ नका, हात कापून उघडावा लागेल. जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ता. काटा लागला म्हणून सांगू नका, नाहीतर मलम लावून घरी धाडतील. मशीनचं तेल जोराने आत गेलंय, असंच सांगा, शब्द बदलू नका.

‘शेक दिलाय,’ धाकटी म्हणाली.

‘माझ्या हातावरचं फडकं बघितलंय ना?’ मिस्त्री म्हणाला. ‘मी दुखायची वाट बघितली होती. एक रात्र. फडक्याखाली दोनच बोटं आहेत.’

थोरलीने ते सगळं ऐकून घेतलं. दगडावरून उठली नाही. दुखत नाहीये, म्हणाली. पट्टीचा तुकडा राहिलाय, तासाभराचा. उद्या सकाळी जाऊ, तोवर उतरेल. मिस्त्री लोक भिववतात, त्यांना दर वेळी नवी नळी विकायची असते. तिचं कपाळ घामाने भिजलं होतं आणि ती सारखी मशीनकडे बघत होती. शनिवारी पट्टी दिसली तर राखणदारी जाईल. आज मी उठले तर ही बसेल, आणि ही बसली की सीट गेली. हे ती बोलली नाही. पण दोन जावा एका चुलीवर आठ वर्षं राहिल्या की बोलायला लागत नाही.

धाकटीने मशीनची चावी काढली. बांधाच्या पायऱ्या चढायला लागली. दगडी पायऱ्या, साठ-सत्तर, दिवसभर वाकलेल्या कंबरेने. थोरलीला वाटलं ती पंपघरावरून कुणाला बोलवायला चाललीय. माथ्यावर पोहोचून धाकटी पाण्याकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने हात मागे नेला.

चावी पडल्याचा आवाज खाली ऐकू आला नाही. एवढ्या पाण्यात कसला येणार. नुसता हात फिरलेला दिसला आणि मोकळी बोटं.

‘आता कुणीच बसत नाही,’ ती वरून म्हणाली. ओरडली नाही, पण बांधावर आवाज पसरतो. ‘तू पण नाही, मी पण नाही. चल.’

थोरली बराच वेळ वर बघत राहिली. मग उजव्या हाताने दगडाला रेटा देऊन उठली. उठताना तोल गेला, तेव्हा पहिल्यांदाच तिच्या तोंडून आवाज निघाला, आणि तो दुखण्याचा होता.

थोरलीचा नवरा बांधाच्या पलीकडच्या टोकाला पंपघरावर होता. तिथली जीप घेऊन तो माथ्यावरून आला तेव्हा चार वाजून गेले होते. त्याने काय झालं हे तीनदा विचारलं आणि एकदाही ऐकलं नाही. सासू ओट्यावर उभी होती, हातात सुई तशीच. जीप सुटताना ती पुढे आली, म्हणाली, ‘काटा असता तर आला असता गं बाई.’ थोरलीने मान हलवली. जीपमध्ये धाकटीने तिचा हात पसरलेल्या पदरावर उचलून धरला. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला तो हात तिला अधिक जड लागत गेला. कोपरापर्यंत कातडी चकाकत होती. पहिल्या बोटाचं टोक काळसर निळं झालं होतं, आणि टिंब अजून तेवढंच होतं, टाचणीएवढं.

दवाखान्याच्या खिडकीपाशी थोरलीच्या नवऱ्याने काटा लागला म्हणून सांगितलं. धाकटीने त्याला बाजूला सारलं, दिराला कधी हात लावला नव्हता तिने, आणि मिस्त्रीचे शब्द जसेच्या तसे म्हटले. खिडकीतल्या बाईने मान वर केली. आतून एक डॉक्टर चालत आला, दुसरा पळत.

हात बोटापासून मनगटाच्या वरपर्यंत उघडावा लागला. चार दिवसांत तीनदा. आत कांद्याच्या पाकळ्यांमध्ये शिरावं तसं तेल शिरलं होतं, असं डॉक्टर म्हणाला. कांदा हा शब्द ऐकून सासू भिंतीकडे तोंड करून बसली. पहिलं बोट गेलं. बाकीचा हात राहिला. रात्र काढली असती तर राहिला नसता, हेही डॉक्टर म्हणाला, आणि धाकटीकडे बघून म्हणाला, म्हणून ती उठून बाहेर गेली.

शनिवारी तपासणीचे साहेब आले आणि गेले. कापलेला बांध त्यांनी चालून पाहिला. राहिलेल्या पट्टीपाशी थांबले, मशीनकडे पाहिलं, चावी कुठे म्हणून विचारलं. सासूने तलावाकडे बोट दाखवलं. साहेबांना ती थट्टा वाटली. बारा दिवसांत पट्टी साफ करा, मग राखणदारीचं बघू, असं लिहून गेले.

मिस्त्री येऊन नळी बदलून गेला. पाळणा खाली टेकवून, मशीन बंद ठेवून, दांडा दोन्हीकडे हलवून त्याने आतला जोर आधी सोडला आणि ते सगळं धाकटीला मोठ्याने सांगत केलं. नवी चावी ऑफिसातून यायची होती. ती आल्यावर मशीन चालू करून गळती बघायची तर हात नाही, पुठ्ठा धरायचा, लांबून. पुठ्ठा फाटला तर फाटला. हे सांगताना त्याने डाव्या हाताचं फडकं सोडलं होतं. सासूने त्याच हातात चहाची कपबशी दिली.

अकराव्या दिवशी थोरली घरी आली. बाराव्या दिवशी सकाळी ती पायथ्याशी दिसली. हात गळ्यात बांधलेला, चार बोटं बाहेर, त्यांचा रंग अजून परका. धाकटी राहिलेल्या पट्टीत विळ्याने कापत होती. साहेबांच्या मुदतीचे दोन दिवस उरले होते.

पाणी रेघेला टेकलं होतं. पाऊस नव्हता, तरी. वरच्या अंगाने कुठून तरी आलं होतं.

थोरली पट्टीच्या कडेने चालत गेली. एका जागी गवत जरा जास्त हिरवं होतं. ती थांबली. सवयीने खाली बसली, हात गळ्यातून सोडवला आणि गवताच्या मुळाशी घातला. डोळे मिटले. बराच वेळ तशीच बसली. धाकटीचा विळा थांबला.

थोरलीने हात काढला, बघितला, पुन्हा घातला. मग तिने खांद्यावरून हाक मारली.

‘धाकटे, इकडे ये.’

धाकटी आली.

‘मला कळत नाहीये,’ थोरली म्हणाली. ‘तू घाल.’

‘मला कुठे कळतं, ताई? मला दव न्...’

‘घाल म्हणते ना. डावा.’

धाकटी गुडघ्यावर बसली. हात घातला. थोरलीने आपला उजवा, घट्टे पडलेला हात त्या हातावर ठेवला आणि जरा खाली दाबला, मुळांमध्ये, मातीपर्यंत. वरचं दव तळहाताच्या उबेने निघून गेलं. त्याच्या खाली काहीतरी होतं. ऊन येऊनही न तापलेलं. बोटांच्या फटीतून ते सरकत होतं, इतकं बारीक की धाकटीला आधी वाटलं आपलीच नाडी आहे.

‘गार आहे,’ ती म्हणाली. ‘आणि हलतंय.’

‘केवढं आहे?’

धाकटीने बोटाने चाचपलं. मातीत एक भोक होतं.

‘टाचणीएवढं.’

थोरली उठून उभी राहिली. वर, बांधापलीकडे, दिसत नसलेलं पाणी दगडाला चाटत होतं, त्याचा आवाज येत होता. तिने पुढच्या गवतावरून एकदा नजर फिरवली, मग घराकडे, ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या सासूकडे, त्याच्या खाली वस्तीतल्या धुराकडे.

‘पंपघरावर पळ,’ ती म्हणाली. ‘पाणी सोडायचे दरवाजे उघडा म्हणावं, साहेबांना फोन लावा म्हणावं. किती वाजता सापडलं ते सांग. मी सासूबाईंना ओट्यावरून उठवते, वस्तीत जाते.’

धाकटी विळा टाकून उभी राहिली, तरी तिचे डोळे त्या जागेवर होते. ‘ताई, अगदीच बारीक आहे गं. साहेब हसतील. संध्याकाळपर्यंत बघूया का वाढतंय का?’

थोरलीने चार बोटांचा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि पुढे ढकललं.

‘दुखायची वाट बघू नकोस,’ ती म्हणाली. ‘जा.’